कॉर्व्हेटची ताकद नेमकी गेली कुठे? धूर, शिसं आणि एका आलेखाची गोष्ट



गाड्यांचं वेड असलेलं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतंच. त्याला पाढे आठवत नाहीत, पण कुठल्या गाडीची किती हॉर्सपॉवर हे तो झोपेतही सांगेल. अशा मुलासमोर एकदा हे दोन आकडे ठेवून बघा. अमेरिकेतली शेवरोले कॉर्व्हेट ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार. 1970 साली तिच्या साध्या, म्हणजे सर्वांत स्वस्त मॉडेलच्या इंजिनाची ताकद कंपनी 300 अश्वशक्ती सांगत होती. 1975 साली त्याच आकाराच्या, 5.7 लिटरच्या इंजिनाची ताकद सांगितली गेली 165 अश्वशक्ती. पाच वर्षांत जवळजवळ निम्मी!

का झालं असं? इंटरनेटवर याचं ठरलेलं उत्तर मिळतं: सरकारने प्रदूषणाचे नियम आणले आणि चांगल्या गाड्यांचा जीव घेतला. मुलं हे व्हिडिओ बघतात आणि तेच वर्गात येऊन सांगतात. हे उत्तर पूर्ण खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि अर्धं म्हणजे अगदी मोजून अर्धं. ते कसं, हे पाचवी-सहावीच्या गणितात बसतं, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी मोजमापाचं बघू. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिनाची ताकद मोजताना ते गाडीतून बाहेर काढून चाचणीच्या टेबलावर ठेवत. हवेची गाळणी काढलेली, थंड करणारा पंखा नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही. असं मोकळं इंजिन पळवून जो आकडा येई तो 'ग्रॉस', म्हणजे ढोबळ अश्वशक्ती. जाहिरातीत हाच आकडा. 1972 पासून कंपन्या 'नेट', म्हणजे निव्वळ अश्वशक्ती सांगू लागल्या. यात इंजिनावर ही सगळी ओझी लावून, गाडीत असतं तसंच ठेवून मोजायचं. शेंगदाण्याच्या पाकिटावर 'निव्वळ वजन' लिहिलेलं असतं ना, तोच निव्वळ. किंवा मुलांना असं सांगा: एकदा मोकळ्या हाताने धावायचं आणि एकदा दप्तर पाठीवर घेऊन. पोरगं तेच, पाय तेच, पण वेळ वेगळा येणार.

आता गंमत बघा. 1971 हे मधलं वर्ष होतं आणि त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले. कॉर्व्हेटचं साधं इंजिन ढोबळ 270, निव्वळ 210. एकच इंजिन, एकच दिवस, फरक 60 चा! म्हणजे 1970 चे 300 हे ढोबळ आणि 1975 चे 165 हे निव्वळ. ही तुलनाच चुकीची. फुटात मोजलेली उंची आणि मीटरमध्ये मोजलेली उंची वजा करण्यासारखं झालं हे.

मग 1970 च्या इंजिनाची निव्वळ ताकद किती असेल? इथे आपलं त्रैराशिक कामाला येतं. ढोबळ 270 ला निव्वळ 210, तर ढोबळ 300 ला किती? 300 गुणिले 210 भागिले 270, उत्तर साधारण 233. हा अंदाज आहे हे मुलांना स्पष्ट सांगायचं, कारण दोन वर्षांची इंजिनं तंतोतंत सारखी नव्हती. पण अंदाज म्हणून चालेल. 300 ते 165 ही घट 135 ची दिसते. त्यातले 67 नुसते मोजायची पद्धत बदलल्यामुळे गेले. खरी घट 233 ते 165, म्हणजे 68. आलं लक्षात? दिसणारी निम्मी घट कागदावरची होती.

आता उरलेल्या 68 कडे वळू. ती घट खरीच होती, आणि तिच्यामागे प्रदूषणाचे नियम होतेच. पण नियम आले कुठून, हे मुलांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लॉस एंजेलिस शहर समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या खोलगट जागेत वसलंय. तिथे वरची हवा गरम आणि खालची थंड असा थर वारंवार तयार होतो, आणि खालची हवा झाकण ठेवल्यासारखी अडकते. 1943 च्या जुलैमध्ये शहरावर असा काही तपकिरी धुरकट पडदा पसरला, की युद्धाचे दिवस असल्याने लोकांना जपानने विषारी वायूचा हल्ला केला असं वाटलं. डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. कारण मात्र कळत नव्हतं. ते शोधलं आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा माणूस कॅलटेक संस्थेत अननसाच्या वासावर संशोधन करत होता! वासाची रसायनं पकडायची त्याची पद्धत त्याने शहरातल्या हवेवर वापरली. 1950 च्या आसपास त्याने दाखवून दिलं, की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे जाळणारं धुरकं त्यातून बनतं. ऊन आणि गाड्या, दोन्ही कॅलिफोर्नियात भरपूर. म्हणूनच सायलेन्सरमधून किती वायू सोडायचा याचे पहिले नियम कॅलिफोर्नियात आले, 1966 च्या मॉडेलपासून.

देशभराचा मोठा कायदा 1970 चा. सिनेटर एडमंड मस्की यांनी तो पुढे रेटला आणि 31 डिसेंबर 1970 ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. पाच वर्षांत गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन 90 टक्क्यांनी कमी करा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी नायट्रोजनच्या ऑक्साइडचंही तेच करा, असं त्यात होतं. सही झाली तेव्हा हे कसं करायचं ते कोणत्याच कंपनीला धड माहीत नव्हतं. मला या कायद्याची हीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते. आधी उत्तर सापडलं आणि मग नियम केला, असं झालं नाही.

आता इंजिनात काय अडचण होती ते समजून घेऊ. इथे चूल डोळ्यासमोर आणा. लाकडं ठासून भरली आणि हवा कमी पडली की चूल धुमसते, काळा धूर येतो. पेट्रोल इंजिनाचंही तसंच. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 भाग हवा लागते. पण जोर जास्तीत जास्त हवा असेल तर पेट्रोल थोडं जास्तच द्यावं लागतं, आणि 1960 च्या दशकातल्या स्पोर्ट्स कार तशाच जुळवलेल्या असत. म्हणजे धुमसणारी चूल. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर. बरं, मग पेट्रोल कमी करावं तर? ज्वलन जास्त तापतं, आणि एरवी शांत बसणारा हवेतला नायट्रोजन त्या उष्णतेत ऑक्सिजनशी जोडला जातो. म्हणजे दोन वायू कमी करायला जावं तर तिसरा वाढतो. आणि हे सगळं सांभाळायला गाडीत होता फक्त कार्ब्युरेटर. आत नक्की काय जळतंय हे त्याला कळायची सोयच नव्हती.

कंपन्यांनी मग एकेक उपाय जोडायला सुरुवात केली. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा एक हवेचा पंप आला. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत तो ताजी हवा सोडायचा, म्हणजे उरलेलं पेट्रोल वाटेतच जळून जायचं. थोडक्यात फुंकणी! फक्त ही फुंकणी फुंकायला इंजिनाचीच थोडी ताकद जायची. दुसरा उपाय म्हणजे स्पार्क प्लगची ठिणगी जरा उशिरा पाडायची. त्यामुळे बाहेर जाणारा वायू जास्त गरम राहतो आणि त्यातलं इंधन जळत जातं, पण दट्ट्याला मिळणारा धक्का कमी होतो. तिसरा उपाय 1973 च्या सुमारास सर्रास झाला: जळून गेलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात पाठवायचा. हा वायू जळत नाही, नुसती जागा अडवतो, म्हणून तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. जोरही कमी होतो, हे वेगळं सांगायला नको. आकडे बघा: निव्वळ 210 वरून 1972 ला 200, 1973 ला 190, 1974 ला 195. उतार आहे, पण कडा कोसळलेला नाही.

त्याआधी, 1971 मध्येच, एक मोठी गोष्ट झाली होती. ती आहे शिशाची, आणि आपल्यासाठी लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे मुलांनी अनुभवलेलं असतं. हवा दाबली की तापते. इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण जितकं जास्त दाबाल तितका जोर चांगला मिळतो. पण फार दाबलं तर ठिणगी पडायच्या आधीच किंवा भलतीकडेच ते पेट घेतं आणि इंजिन ठोकायला लागतं. यालाच नॉकिंग म्हणतात. 1921 साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी शोधलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं घातलं तर हे ठोकणं थांबतं. त्यानंतर पन्नास वर्षं शिशाचं पेट्रोल जगभर चाललं. 1970 च्या कॉर्व्हेटचं साधं इंजिन मिश्रणाला सव्वादहा पट दाबायचं, आणि एलटी-1 नावाचं तिचं तडफदार इंजिन तर अकरा पट. हे शक्य होतं शिशामुळे.

पुढे कायदा पाळायचा तर सायलेन्सरच्या वाटेवर एक नवीन डबा लावावा लागणार, हे तेव्हा दिसायला लागलं होतं. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप. आठवी-नववीच्या विज्ञानात 'उत्प्रेरक' येतो, तोच हा: स्वतः न संपता बाजूची अभिक्रिया घडवून आणणारा. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, उरल्यासुरल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पण शिसं या लेपावर बसलं की लेप कायमचा निकामी. म्हणजे आधी शिसं जायला हवं. ते जाणार म्हटल्यावर इंजिनाने कमी दाबायला शिकलं पाहिजे. 1971 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचा दाब उतरवला. कॉर्व्हेटचं साधं इंजिन सव्वादहावरून साडेआठ पटीवर आलं, एलटी-1 अकरावरून नऊवर.

हा निर्णय ज्यांच्या काळात आणि पुढाकाराने झाला ते कंपनीचे अध्यक्ष एडवर्ड कोल. आता हे कोल कोण? 1955 साली ज्या छोटेखानी व्ही-8 इंजिनाने कॉर्व्हेटला खरी स्पोर्ट्स कार बनवलं, ते तयार झालं तेव्हा शेवरोलेचे मुख्य अभियंते हेच होते. ज्याने इंजिनात जीव ओतला त्यानेच त्याचा दाब उतरवायला लावला. व्हिडिओवाल्यांना हा माणूस कसा दिसत नाही कोण जाणे.

1975 मध्ये तो डबा आला, आणि आलेखात शेवटची मोठी पायरी दिसते ती इथेच: 195 वरून थेट 165. याचं कारण गाडीखाली वाकून बघितलं तर दिसतं. व्ही-8 इंजिनाच्या दोन बाजूंनी दोन पाइप निघायचे आणि स्वतंत्रपणे मागे जायचे. आता डबा एकच, म्हणून दोन्ही पाइप आधी एकत्र आणले, वायू एका डब्यातून कोंबला, आणि मागे दिसायला बरं म्हणून परत दोन नळ्या काढल्या! दोन दारांची गर्दी एका दारातून सोडल्यावर व्हायचं तेच झालं. त्या काळच्या डब्यात लेप दिलेल्या छोट्या गोळ्या भरलेल्या असत, त्यातून वायू जायला अडथळाही बराच.

एक छोटी गोष्ट मुलांना फार आवडेल. लोकांनी चुकून शिशाचं पेट्रोल भरू नये म्हणून या नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद केलं होतं. शिशाच्या पेट्रोलचा जाड नोझल त्यात शिरायचाच नाही.

त्या वर्षांत नियमांशिवायही बरंच काही चाललं होतं, ते विसरून चालणार नाही. जोरदार गाड्यांचा विमा महागला होता. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, अमेरिकेत पंपावर रांगा लागल्या, आणि 1974 च्या सुरुवातीला महामार्गावरची कमाल गती ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर झाली. फोर्डच्या 1974 च्या मस्टँगमध्ये तर अमेरिकेत व्ही-8 इंजिन मिळतच नव्हतं. हे सगळं एकट्या धुराच्या नियमाच्या नावावर टाकणं अन्यायाचं आहे.

आणि कंपन्या म्हणत होत्या तसं ते अशक्यही नव्हतं. जपानच्या होंडाने सीव्हीसीसी नावाची वेगळी रचना काढली होती. त्यात एका छोट्या कप्प्यात आधी दाट मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मोठ्या कप्प्यातलं पातळ मिश्रण पेटवायचं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गरजच नाही. हे छोट्या गाडीतच जमेल, मोठ्या अमेरिकन गाडीत नाही, असं म्हटलं गेलं. मग होंडाने 1973 ची शेवरोले इम्पाला, ही भलीमोठी व्ही-8 गाडी, विकत घेतली, तिच्यावर आपली रचना बसवली, आणि पर्यावरण संस्थेच्या अ‍ॅन आर्बरमधल्या प्रयोगशाळेत ती 1975 च्या नियमांत पास करून दाखवली.

कायद्याच्या मुदती मात्र कंपन्यांच्या तक्रारींमुळे आणि तेलटंचाईमुळे पुढे पुढे ढकलल्या गेल्या. 1975 साली देशभर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा मैलामागे 15 ग्रॅम होती. मूळ कायद्यातली 3.4 ग्रॅमची मर्यादा लागू व्हायला 1981 उजाडलं. आता नियम गाड्या मारतात हे खरं असेल, तर 1981 ची कॉर्व्हेट आणखी अशक्त हवी. प्रत्यक्षात ती 190 अश्वशक्तीची होती, 1975 पेक्षा 25 ने जास्त. कारण मधल्या काळात इंजिनाला नाक मिळालं. बाहेर जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती आहे हे सांगणारा सेन्सर आणि त्यावरून पेट्रोलचं प्रमाण सतत बदलणारा छोटा संगणक 1981 मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांत आला. प्रमाण अचूक राहिलं की नव्या प्रकारचा डबा तिन्ही वायू एकदम सांभाळतो. चुलीपाशी लक्ष ठेवणारं माणूस बसवल्यासारखंच. 1985 ला कार्ब्युरेटरच्या वंशातलं सगळं जाऊन प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि ताकद 230 झाली. म्हणजे आपल्या त्रैराशिकातल्या 1970 च्या 233 च्या जवळपास. 1990 ची झेडआर-1 कॉर्व्हेट निव्वळ 375 ची होती, आणि ती शिशाशिवाय, कन्व्हर्टरसकट. 1970 च्या त्या तडफदार एलटी-1 चा जाहिरातीतला ढोबळ आकडासुद्धा 370 च होता.

फुकटात काही झालं नाही, हेही सांगायलाच हवं. 1975 ते 1984 या दहा वर्षांत ज्याने हौसेने स्पोर्ट्स कार घेतली त्याला खरोखर मंद गाडी मिळाली. 1980 साली कॅलिफोर्नियातल्या ग्राहकाला तर कॉर्व्हेटमध्ये 5.7 ऐवजी 5 लिटरचं छोटं इंजिन आणि फक्त ऑटोमॅटिक गिअरच मिळत होते.

त्याच्या बदल्यात काय मिळालं, ते शिक्षक म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. शिकणं, लक्ष लागणं, बुद्धीची वाढ, सगळ्यावर. अमेरिकेत 1976 ते 1980 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तात दर 100 मिलिलिटरला सरासरी 15 मायक्रोग्रॅम शिसं होतं. 1988 ते 1991 च्या पाहणीत ते 3.6 वर आलं होतं. रंगांतून आणि खाद्यपदार्थांच्या डब्यांतूनही शिसं याच काळात कमी झालं, पण मोठा वाटा पेट्रोलचा. म्हणजे कॉर्व्हेटचा दाब सव्वादहावरून साडेआठ झाला, त्याचं दुसरं टोक बालवाडीतल्या मुलापर्यंत पोचतं. आपल्याकडे हीच गोष्ट वीस वर्षांनी घडली. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. 2000 साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. आज तिशीत असलेल्या आपल्यातल्या अनेकांचं बालपण त्याच्या आधीचं आहे.

वर्गात घ्यायचं असेल तर फळ्यावर एवढेच आकडे लिहा: 1970 – 300, 1971 – 270, 1972 – 200, 1973 – 190, 1974 – 195, 1975 – 165, 1981 – 190, 1985 – 230. मुलांना स्तंभालेख काढू द्या आणि सर्वांत मोठी घट कोणत्या वर्षी झाली ते विचारा. सगळे 1972 म्हणतील. मग 1971 च्या स्तंभाशेजारी दुसऱ्या रंगाने 210 चा स्तंभ काढायला सांगा आणि पुन्हा विचारा. ज्यांचं लवकर झालं त्यांना विक्रीचे आकडे द्या: 1970 साली 17,316 कॉर्व्हेट बनल्या, 1975 साली 38,465, आणि 1979 साली 53,807. ताकद कमी झाली तरी गाड्या जास्त का खपल्या असतील, यावर सहावीची मुलं तास संपेपर्यंत वाद घालू शकतात.